मुकं अक्षर

एतेल्व्हिनाला लिहिता येत नव्हतं
आणि मला, बाराव्या वर्षी, जरा जास्तच येत होतं.

धुण्याच्या हौदावर कुस्तोदिउ पोस्टमनने
अबिलियूचं पत्र फोडलं, घसा खाकरला,
आणि भर दुपारी, अकरा बायकांसमोर,
नवऱ्याने बायकोला फ्रान्सहून,
सिमेंटच्या गोणीवर कागद ठेवून जे लिहिलं होतं
ते वाचलं. मोठ्यांदा. एक ओळ तर दोनदा,
अक्षर लागत नाही म्हणे.

बायका फिदीफिदी. ग्रासिएतच्या हातातला साबण
निसटून तळाला गेला.
एतेल्व्हिनाही हसली, सगळ्यांच्या वर आवाज काढून,
डोकं मागे टाकून, दात दाखवत.
पण मी शेजारी होते.
मला तिचा कान दिसत होता.

संध्याकाळी तिने मला बोलावलं, एक अंडं दिलं,
म्हणाली, लिही:
डुक्कर बरं आहे. मका खळ्यात आला.
छप्पर गळत होतं तिथेच गळतंय.
तुझं पत्र वाचलं तेव्हा मी हसले.

टाक बुडवून मी थांबले.
आमच्या भाषेत 'हसले' फार आखूड.
री.
म्हणेपर्यंत संपतं, मागे ओलसुद्धा राहत नाही.
हसू उसनं आणता येतं,
चारचौघींत वाटता येतं,
तोंडावर हात धरून परत गिळता येतं.
लाली कुणाचं ऐकत नाही.
आतून चढते, न विचारता,
आणि जिला चढते
तिला एकटीलाच ती दिसत नाही.

म्हणून मी लिहिलं, कोरेइ.
लाजले. गालांवर रंग आला.
आणि वाचून दाखवताना 'हसले' म्हटलं.

हाच शब्द आम्ही धुण्यालाही वापरतो.
चादरी साबणासकट गवतावर पसरायच्या,
बाकीचं काम उन्हाचं: कोरार.
कापड पांढरं होतं, गाल लाल होतात,
आणि शब्द एकच, हे कसं?
शाळेत बाईंना विचारलं होतं.
त्या म्हणाल्या, तू पाढे म्हण.

तिकडे पॅरिसच्या बाहेर, चिखलातल्या पत्र्याच्या खोलीत
अबिलियू ओळीखाली बोट सरकवत होता.
बहुतेक माझ्या टाकाचा एक थेंब तिथे सांडला असावा.
त्याला त्यात एक अक्षर दिसलं.
एरवी ते आमच्याकडे मुकं असतं,
शब्दाच्या दारात नुसतं बसून राहतं.
पण लाजण्याच्या पोटात शिरलं
की त्याचं रडणं होतं.
शोरेइ.
रडले.

सरहद्द चोरून ओलांडून गेलेला माणूस
चोरूनच परत आला,
थोडा ट्रकमधून, बराचसा डोंगरातून,
बुटात पैसे, दाढी वाढलेली.
उतारावर चादरी पसरल्या होत्या.
त्यांच्या मधोमध उभा राहून तो ओरडला,
का रडलीस?

एतेल्व्हिनाने माझ्याकडे पाहिलं.
मी माझ्या पायांकडे.

"हसले होते मी," ती म्हणाली,
आणि तेवढं म्हणेपर्यंत
रंग तिच्या मानेवरून निघाला,
कान, गाल, कपाळ,
थेट रुमालाच्या कडेपर्यंत पोचला.
अबिलियू बघत राहिला.
वाचायला त्याला नेहमीच वेळ लागायचा.

मग आधी तो हसला, मग ती,
मग हौदावरच्या सगळ्या.
ग्रासिएत तेवढी नाही. चादर तिची होती,
आणि चादरीवर चिखलाचे दोन बूट.

मला कुणीच काही विचारलं नाही.
अंडं मी त्याच रात्री उकडून खाल्लं होतं,
परत मागितलं असतं तर
कुठून देणार होते.